व्याही उठेपर्यंत

बार्शीकडच्या वाशीजवळ आमचे व्याही रामहरी आप्पा यांचं घर आहे, आणि त्या घरात अशी रीत आहे की पंगतीत व्याही बसलेला असला, तर तो उठेपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही. रीत चांगली आहे, तिच्यात मान आहे. पण व्याह्याला उठताच आलं नाही तर पुढं काय करायचं, याचा विचार ती पाडणाऱ्यानं केलेला दिसत नाही. तो प्रसंग त्या घरावर पहिल्यांदा आला यंदाच्या माघात, त्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, आणि तो आणणारा इसम मी होतो.

मी गोरोबा माने, राहणार उमरगा, वय अडुसष्ट. बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे तीस वर्षं खिडकीतल्या एकाच खुर्चीवर बसून गाड्या सोडल्या. नोकरीत दोन गोष्टी शिकलो. एक, सतत घड्याळाकडं बघणं. दुसरी, गाडी कुठं आहे याचा पत्ता नसला तरी माइकवर ठाम आवाजात "थोड्याच वेळात येत आहे" असं सांगणं. नळदुर्गच्या पुढं ट्रक आडवा झालेला असला तर त्यात गाडीचा दोष नसतो आणि माझाही नसतो, पण फलाटावरच्या माणसाला काहीतरी ऐकायचं असतं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की रिटायर झाल्यावर माझ्या पायांचं काय झालं असेल, याचा वाचकांना अंदाज यावा.

तर पंगत. मांडवात दोनशे माणूस बसलेलं, जाजमावर, पत्रावळी समोर. आमची सोनाली रामहरींच्या कृष्णराजला दिलेली, त्यामुळं रांगेच्या तोंडाला मी. रामहरी आप्पा स्वतः खिरीची बादली घेऊन वाढत होते. ते माझ्याहून वर्षानं मोठे, पण तालमीतलं शरीर. भेटले की हात हातात घेऊन असा दाबतात की मी वाशीला जाताना अंगठी घरी ठेवून जातो. जेवणं झाली. सगळ्यांची बोटं चाटून झाली. दोनशे माणसं माझ्याकडं बघायला लागली.

मी उजवा पाय जवळ घेतला, डावा हात जाजमावर टेकला आणि उठलो. म्हणजे उठलो असं मला वाटलं. प्रत्यक्षात मी होतो तिथंच होतो. पुन्हा प्रयत्न केला. गुडघा दुखत नव्हता, पायाला मुंग्या नव्हत्या, चक्कर नव्हती. मांड्यांत जोरच नव्हता. कधी गेला ते कळलं नाही, आणि जाताना त्यानं सांगितलंही नाही.

तेवढ्यात आप्पा आले. "व्याही, काय वाढू?"

दोनशे माणसांसमोर, व्याह्याच्या दारात, "मला उठवा" असं म्हणायला जीभ रेटेना. मी म्हणालो, "थोडा भात."

भात आला. भातावर आमटी लागते, ती मागितली. आमटी उरली म्हणून भात मागितला. या पद्धतीनं मी अठ्ठावीस मिनिटं काढली. लोकांचे हात वाळले. एका गृहस्थांना बार्शीची गाडी धरायची होती. ते माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते ती नजर मी तीस वर्षं खिडकीतून बघितलेली आहे. मग रांगेत कुजबुज सुरू झाली, आणि ती फिरत फिरत माझ्या कानापर्यंत आली. "व्याही रुसलाय."

आमच्या भागात व्याही पानावर अडून बसला, तर त्याचा अर्थ एकच. मानपानात काहीतरी कमी पडलं. झालं, घरात पळापळ सुरू झाली. आप्पांनी बादली खाली ठेवली, हात जोडले. "माने, काय चुकलं आमचं? सगळ्यांम्होरं सांगा."

आता माझ्यापुढं दोन बेअब्रू होत्या आणि त्यातली एक निवडायची होती. दुबळा म्हणवून घ्यायचं की हावरा. मी शांतपणे विचार केला आणि गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे हावरेपणा कबूल करणं, हे मला कळत होतं. मग फेटा आला, उपरणं आलं, बसल्या जागी मला फेटा बांधला गेला, आणि रुसवा निघाला असं समजून दोन दांडग्या भावकीवाल्यांनी मला मानानं दंडाला धरून उभं केलं. पंगत उठली. बार्शीचे गृहस्थ पळत सुटले.

तिसऱ्या दिवशी सोनालीचा फोन आला. "अण्णा, सगळी वाशी मला विचारायलीय, तुझा बाप फेट्यासाठी अडून बसला म्हणं. सासूबाई बोलत न्हाईत. जूनमधी समर्थचं जावळ हाय तुळजापूरला. तवा आसं करू नका. मला हितंच राहायचंय."

एवढं बोलून ती रडली. मला लई वाईट वाटलं. तिला खरं सांगावं असं ओठावर आलं, पण बापाला जमिनीवरून उठता येत नाही हे लेकीला सांगणं, आणि तेही फोनवर, मला जमलं नाही. उलट मी मोठ्या आवाजात जाहीर करून टाकलं की नातवाच्या जावळाचं जेवण आजोळकडून, म्हणजे आमच्याकडून. ठेवताना माझ्या हातून फोन दोनदा खाली पडला. तो उचलायला वाकलो, आणि तिथंच पलंगाचा पाय धरून बराच वेळ थांबलो.

माझ्याकडं चार महिने होते. तुळजापूरला मला पानावरून एका दमात उठायचं होतं, आणि मधल्या काळात हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते गल्लीतल्या दोघांना कळलं.

पहिले गुरुलिंग आप्पा, समोरच्या किराणा दुकानाचे मालक. बायको डिंक आणायला गेली, तेव्हा त्यांनी "डिंक कुणाला?" एवढंच विचारलं. मथुरेच्या पोटात काही राहत नाही. गुरुलिंग गल्ला सोडून घरी आले, माझी पोटरी दाबून बघितली आणि म्हणाले, "ह्यो वात हाय. तिळाचं तेल कोमट करून चोळा, वरनं एरंडाचं पान बांधा. आन् डिंकाचे लाडू सकाळी दोन, सांच्याला दोन." मी तीन आठवडे हे केलं. पायांना तीळ, एरंड आणि डिंक यांचा मिळून एक वास यायला लागला, वजन तीन किलोनं वाढलं, आणि आता तेवढंच जास्त वजन उठवायचं होतं.

दुसरा सरदार. हा आमचाच जुना ड्रायव्हर, हैदराबाद रोडवर त्यानं बावीस वर्षं गाडी चालवली. शेजारीच राहतो. त्यानं मला पायरीवर बसलेला बघितलं आणि कठडा धरून उठताना बघितलं. ड्रायव्हरची नजर, तिला इंजिनाचं लगेच कळतं.

"कंट्रोलर साब, क्या बात हाय? पिकअप गेला व्हय तुमचा?"

मी म्हणालो, जरा पाय आखडलाय.

"आखडला न्हाय, संपला," सरदार म्हणाला. "मला बी तसंच झालतं. क्लिनिकमधी चला. मॅडम हायेत, सिमरन. आपल्या स्टँडवरच्या मुजम्मिलची पोरगी."

डॉ. सिमरन या फिजिओथेरपिस्ट. वय असेल सत्तावीस. त्यांनी मला एका साध्या खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घडी घालायला लावले आणि पाच वेळा उठून बसायला सांगितलं. हातात घड्याळ. मला वाटलं, एवढीच तपासणी? मी दीड वेळा उठलो. मग त्यांनी जोर मोजायची एक मूठ दाबायला दिली, तिच्यावर काटा होता. काटा थोडासा हलला आणि परत आला.

"काका, तुमचे सांधे चांगलेत," त्या म्हणाल्या. "मांस कमी झालंय. वय वाढलं की सगळ्यांचंच उतरतं, आन् जे वापरत न्हाईत ते आधी."

"मी रोज फिरायला जातो," मी जरा ताठ होऊन सांगितलं.

"फिरणं चांगलंच हाय. पण फिरून फिरायला येतं. उठायचं आसंल तर उठायलाच लागतं."

औषध त्यांनी दिलं नाही, याचा मला थोडा राग आला. माणूस दवाखान्यात गेला की निदान एक बाटली घेऊन तरी बाहेर यावा. त्यांनी कागदावर लिहून दिलं ते असं. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, जमतील तितकी, रोज तीनदा. भिंतीला पाठ लावून खाली सरकणं. दोन महिन्यांनी जमिनीवरून उठण्याचा सराव, आधी कुशीवर, मग एका गुडघ्यावर. जेवणात डाळ, हुलगे, शेंगदाणे, दूध वाढवा. आणि अंडी.

अंड्यापाशी अडलं. आमच्या घरात अंडं चालत नाही. म्हणजे मथुरेला चालत नाही, आणि घर तिचं आहे. त्यामुळं रोज सकाळी मी पेपर वाचायला म्हणून सरदारकडं जायला लागलो. त्याची बायको नसीमबी दोन अंडी उकडून ठेवायची, ती मी पेपरच्या आड खायचो. मग त्यांच्याच परसात खुर्चीचा व्यायाम, कारण आमच्या दारातून गुरुलिंग आप्पांना सगळं दिसतं. सरदार मोजायला बसायचा. त्याच्यासारखा निर्दय मोजणारा मी बघितला नाही.

"तीन... साडेतीन... न्हाय, बसलाव. तीन."

"अरे, चौथा झाला की जवळजवळ!"

"जवळजवळ न्हाय चालत, साब. गाडी स्टँडच्या बाहेर गेली तरच सुटली म्हणायची. तुम्हीच सांगायचाव."

तीनाचे सहा व्हायला महिना गेला. पहिले पंधरा दिवस मांड्या इतक्या दुखायच्या की आधी मला नुसतं उठता येत नव्हतं, ते आता बसताही येईना. यालाच प्रगती म्हणतात, असं डॉ. सिमरन यांचं मत पडलं.

इथपर्यंत सगळं गुपचूप चाललं होतं. पण गुरुलिंग आप्पा गप्प बसणारे नव्हेत. एका संस्थेचं शिबिर तालुक्याला भरणार होतं, वयस्करांना वस्तू फुकट. संस्थेचं नाव मी घेत नाही, कारण त्यांच्याकडं माझी फाईल अजून चालू आहे. गुरुलिंग म्हणाले, "गुडघ्याचा पट्टा देतेत. पट्टा बांधला की जोर येतो." मी गेलो. पट्ट्यासाठी आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि दोन फोटो लागले. मग फॉर्म. त्यात एक रकाना होता, 'लाभार्थ्यास चालता येते काय', आणि पुढं तीन चौकोन. होय, नाही, अंशतः.

मी टेबलापलीकडच्या गृहस्थांना म्हणालो, "चालता येतं. खाली बसलो तर उठता येत नाही."

"तसा रकाना न्हाय."

"मग 'होय' लिहा."

"'होय' लिहिलं तर काहीच मिळत न्हाय."

"मला फक्त पट्टा पाहिजे."

"पट्टे संपले," असं म्हणून त्यांनी 'अंशतः'वर टिक केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

पाच आठवड्यांनी एक टेम्पो दारात उभा राहिला आणि त्यातून माझ्या नावाची चाकाची खुर्ची उतरली. मी घेणार नाही म्हणून सांगितलं. टेम्पोवाला म्हणाला, नाकारायचा फॉर्म वेगळा आहे, तो जिल्ह्याला मिळतो. मी नोकरीत असताना तिकीट रद्द करणाऱ्यांना अशीच उत्तरं दिलेली होती, त्यामुळं वाद घालण्यात अर्थ नाही हे मला लगेच समजलं. खुर्ची पडवीत ठेवली. खुर्चीबरोबर एक पत्रही होतं. लाभार्थी खुर्ची प्रत्यक्ष वापरतो किंवा कसे, याची तपासणी कोणत्याही दिवशी होईल.

म्हणजे माझी परिस्थिती बघा. मी अंग मोडून उठायला शिकत होतो, आणि कागदावर मला उठता येऊ नये अशी व्यवस्था झालेली होती. ज्या दिवशी मी दहाव्यांदा खुर्चीवरून उठलो, त्या दिवशी आनंदानं ओरडायचं सोडून मी आधी रस्त्याकडं बघितलं, कुणी तपासायला तर आलं नाही ना. मथुरेनं चाकाच्या खुर्चीवर एक जुनं लुगडं अंथरलं आणि ज्वारीचे पापड वाळत घातले. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची. तिच्या मते सरकारी-बिनसरकारी मिळून आजवर घरात आलेली ही सगळ्यांत कामाची वस्तू.

एप्रिलच्या शेवटी, भर दुपारी, रामहरी आप्पा न कळवता आले. त्यांचं उमरग्यात कुणा वकिलाकडं काम होतं. वास्तुशांतीनंतर पहिलीच भेट. मी हात पुढं केला, अंगठी बोटात होती, म्हणून मनाची तयारीही केली. पण त्यांनी हात धरला नाही. लांबूनच नमस्कार केला. मी समजलो, अजून मनात राग आहे.

"ही कुणाची?" त्यांनी पडवीतली खुर्ची बघून विचारलं.

"सरदारची," मी म्हणालो. "त्याच्याकडं जागा नाही म्हणून इथं."

आप्पांनी पापड बाजूला केले आणि खुर्चीत बसले. आम्ही पलंगावर बसा म्हणालो, खाली गादी टाकली, पण ते तिथंच. चहा झाला, सरबत झालं, जावळाची तारीख ठरली. पाच जून. दीड तास ते त्या खुर्चीतून हलले नाहीत. चाकं बरी आहेत, पाठीला बरी आहे, असं म्हणत राहिले. आणि तेवढ्यात दारात एक तरुण आला. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल.

"गोरोबा माने?" असं म्हणून त्यानं उत्तराची वाट न बघता खुर्चीतल्या आप्पांचा फोटो काढला.

"हो, हो," असं काहीतरी माझ्या तोंडून निघालं.

"बाबा, रोज वापरता का खुर्ची?"

आप्पा म्हणाले, "आजच बसलो. पर ब्येस हाय."

"उठता येतं का? जरा उठून दाखवा."

आप्पांचा चेहरा उतरला. मग ते हसले. "येतंय की! न यायला काय झालं?" त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले. एकदा पुढं झुकले आणि मागं बसले. दुसऱ्यांदा झुकले, खुर्ची मागं सरकली, परत बसले. तिसऱ्यांदा कृष्णराजचं नाव घेतल्यासारखं काहीतरी पुटपुटत उभे राहिले. तरुणानं मोबाईलवर 'अंशतः'ला बोट लावलं, घरचा माणूस म्हणून माझी सही घेतली आणि निघून गेला. मला एवढं हायसं वाटलं की काय सांगू. व्याह्यांनी प्रसंग ओळखून काय झकास नाटक केलं, असं मी मनात म्हटलं. माणूस दिलदार आहे, राग नाही धरला. ते गेल्यावर मी सरदारलाही हेच सांगितलं. त्यानं नुसती सुपारी कातरली.

मे महिन्यात मी जमिनीवरून उठायला लागलो. आधी पलंगाला धरून, मग न धरता. चार जूनला सकाळी मी खुर्चीवरून सलग चोवीस वेळा उठलो आणि सरदारनं चोवीसच मोजले. मथुरा सरदारच्या परसाच्या दारात उभी राहून बघत होती. अंड्यांचं तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. नसीमबीला त्या अंड्यांचे पैसे तीच देत होती.

पाच जूनला तुळजापूरला समर्थचं जावळ झालं. पोरगं कात्रीला घाबरून रडलं आणि टक्कल झाल्यावर हसलं. एका लॉजच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही पंगत मांडली होती. यजमान म्हणून मी वाढणार होतो, पण आप्पा म्हणाले, "तुम्ही बसल्याबिगर म्या बसत न्हाय." म्हणून रांगेच्या तोंडाला आम्ही दोघं व्याही शेजारी शेजारी. मी मनातून खूश झालो. उठायचं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या बरोबरीनं. पलीकडच्या रांगेत सोनाली बसली होती, तिची नजर माझ्यावरच होती. जेवण नीट झालं. मी आधीच डावा गुडघा सोडवून ठेवला होता. सगळ्यांचं झालं. मी आप्पांकडं बघितलं.

आप्पा वाढप्याला म्हणाले, "भात आण रं जरा."

भात आला. मग आमटी मागवली. मग पुन्हा भात.

हा भात माझ्या ओळखीचा होता. मी खाली बघितलं. त्यांचा डावा हात जाजमावर टेकलेला होता आणि बोटं पांढरी पडलेली होती. मला ती पडवी आठवली, तीनदा झुकणं आठवलं, न दाबलेला हात आठवला. नाटक नव्हतं ते. तालमीतल्या माणसानं नाटक कुठं शिकायचं?

रांगेत कुजबुज सुरू झाली होती. "आप्पा रुसले. मुलीकडच्यांनी कमी केलं काहीतरी. मागच्या फेट्याचं उट्टं काढायलेत." सोनालीचा चेहरा पडला. मथुरा लगबगीनं आहेराची पिशवी शोधायला उठली, आणि आप्पा पानाकडं बघत भात कालवत होते. एका हातानं कालवत होते आणि खात नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते. मी चार महिने ज्या एका क्षणासाठी अंडी खाल्ली तो क्षण समोर होता. उठायचं, सोनालीकडं बघायचं, बस्स.

मी मोठ्यानं म्हणालो, अगदी माइकवर म्हणायचो तसं, "आप्पा, थांबा. तो भात राहू द्या. मला उठता येईना."

आप्पांचा कालवणारा हात थांबला.

"खरं सांगतो, वास्तुशांतीलाही येत नव्हतं. मी रुसलो नव्हतो. फेटा मला नको होता. पायात जोर नव्हता आणि सांगायची लाज वाटली."

दोघंतिघं मला उचलायला पळत आले. मी हात वर केला. "कुणी येऊ नका. आप्पा उठवतील मला. आप्पा, तुमचा हात माझ्या खांद्यावर टाका, आणि रेटा मला वर."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. हात खांद्यावर टाकला. मी एका गुडघ्यावर आलो, त्यांच्या कमरेला विळखा घातला, आणि डॉ. सिमरन यांनी शिकवलं होतं तसं, श्वास सोडत, दोघांचं वजन घेऊन उठलो. आप्पा जड आहेत. दोन वेळा वाटलं, आता दोघंही आमटीत. पण उठलो. पंगत उठली, आणि टाळ्या पडल्या. आप्पांना पडल्या.

"ह्या वयात व्याह्याला उचलला गड्यानं!" कुणीतरी म्हणालं. "आन् माने बघा, पाक गळाले बिचारे."

पुढच्या तासाभरात मला चार जणांनी हाताला धरून जिना उतरवला, दोघांनी तेलं सुचवली, आणि एकानं चाकाची खुर्ची फुकट मिळते म्हणून संस्थेचा पत्ता दिला. सोनाली आली. "अण्णा, आधी सांगायचं की," एवढंच म्हणाली आणि माझ्या दंडाला घट्ट धरून उभी राहिली. तिच्या सासूबाईंनी स्वतः मला पाणी आणून दिलं. आप्पा लांब उभे होते, समर्थला घेऊन. माझ्याकडं बघत नव्हते. माझी मान खाली होती. रागानं नाही, पण उंचही करवत नव्हती. चोवीस वेळा उठणाऱ्या माणसाला चार जण धरून जिना उतरवतात, तेव्हा त्याला नेमकं काय वाटतं, याचाही फॉर्ममध्ये रकाना नाही.

परतीच्या जीपमध्ये नळदुर्ग येईपर्यंत मथुरा आहेराची पिशवी आवरत होती. मग म्हणाली, "काल सकाळी चोवीस झालते की."

"हूं."

"बरं केलं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

पुढच्या बुधवारी सकाळी रामहरी आप्पा बसनं आले. एकटेच. "वकिलाकडं काम हुतं," म्हणाले, पण हातात कागदपत्रांची पिशवी नव्हती. मथुरेनं चहा दिला. त्यांनी चाकाच्या खुर्चीकडं बघितलं, पण बसले नाहीत. उभ्यानंच चहा घेतला. कप खाली ठेवला.

"स्टँडवर सरदार भेटला," आप्पा म्हणाले. "म्हणला, तुम्ही रोज खुर्चीवर कायतरी करायलाव."

मी त्यांचा रिकामा कप उचलला.

"ती खुर्ची कुठंय?"

मी तसलीच दारामागची लाकडी खुर्ची आणून भिंतीला टेकवून ठेवली. आप्पांनी उपरणं काढून खुंटीला अडकवलं.

"दार लावा आधी."

मी दार लावलं. ते बसले, आणि मी सांगितल्याप्रमाणे हातांची घडी छातीवर घातली. मोठी, रुंद छाती. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मोजा."

पहिला झाला. दुसऱ्याला वेळ लागला. तिसऱ्याला कपाळावर घाम आला. चौथ्याला ते अर्धे उठले, तिथंच थरथरत थांबले आणि खुर्चीवर आपटले. दम लागला होता.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

सरदार असता तर त्यानं काय सांगितलं असतं ते मला माहीत होतं.

"चार," मी ठाम आवाजात म्हणालो. "आणि पाचवा थोड्याच वेळात येत आहे."